तोंडपाठ मुलगी

मलइयोचे ठेले पुन्हा लागले. दिवाळीनंतर थंडीने जरा अंग धरले की चौखंब्याच्या गल्लीच्या तोंडाशी पितळेच्या परातीत तो पिवळसर फेस दिसू लागतो. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा, केशराचा, जिभेवर ठेवताच नाहीसा होणारा. ऊन चढले की तो विरतो, म्हणून सकाळी लवकर जावे लागते. यंदा मी गेले तेव्हा ठेलेवाल्याने दुरूनच हाक दिली, "का उषा बहिनजी, अबकी बहुत दिन पर!" मी मान हलवली, मातीचे कुल्हड घेतले आणि बाजूला उभी राहून खाल्ले.

माझे नाव उषा नाही. माझे नाव कुमुद.

याच ठेल्यावर पूर्वी या माणसाचे वडील बसत. एकदा त्यांनी सहज नाव विचारले, तेव्हा 'क' माझ्या टाळूला जो चिकटला तो सुटेना. मागे माणसे उभी होती, एकाने घसा खाकरला. आणि मग तोंडातून जे सुखाने बाहेर पडू शकत होते ते पडले: उषा. पुढे शिंप्याला तेच सांगितले, चष्म्याच्या दुकानात तेच, दाताच्या दवाखान्यात तेच. आज या भागातला अर्धा बाजार मला उषा म्हणून ओळखतो. माझ्या दाढेच्या औषधाची चिठ्ठीसुद्धा दुसऱ्याच बाईच्या नावाची आहे.

मला लिहिण्याची सवय नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षे दुसऱ्यांची पुस्तके क्रमाने लावण्यात गेली. 'शांतता राखा' अशी पाटी जिथे भिंतीवर असते तिथे नोकरी करावी, हे मी फार लवकर ठरवले होते. निवृत्तीनंतर हातात वेळ आला आणि त्याबरोबर हिवाळेही परत येऊ लागले. त्यांतला एक हिवाळा मी चाळीस वर्षे टाळत आले आहे.

महाराष्ट्रात मुलगी बघायला आलेल्यांना कांदेपोहे देतात, असे ऐकून आहे. आम्ही काशीकर मराठी. आमच्याकडे थंडीत तो मान चूडा-मटरचा. कोवळे मटार, आल्याचा कीस, तुपात तडतडलेले जिरे आणि दुधाचा हात लावून मऊ केलेला पातळ चूडा, म्हणजे पोहेच. वरून लिंबू. दुर्गाघाटाच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की एका स्वयंपाकघरात फोडणी पडली की समोरच्या घरातल्या माणसाला कळते, आज हिच्याकडे पाहुणे आहेत. त्या हिवाळ्यात आमच्या घरी ती फोडणी तीनदा पडली. तिन्ही वेळा माझ्यासाठी.

मी तेव्हा बावीस वर्षांची. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली. माझे बोलणे ऐकून लोक म्हणत, मुलगी फार शुद्ध बोलते, पुस्तकी बोलते. त्याचे कारण विद्वत्ता नव्हते. 'क' आणि 'प' यांच्या वाटेला जायचे नाही म्हणून मी आयुष्यभर वळसे घालत आले. पाण्याला जल, कपड्याला वस्त्र, पुस्तकाला ग्रंथ. एकदा भर मे महिन्यात शेजारच्या घरी जाऊन "थोडे जल द्याल का" असे म्हटल्यावर तिथल्या बाई हसून लोटपोट झाल्या होत्या. कबीरचौऱ्याला जायचे असले तर रिक्षावाल्याला लहुराबीर सांगायचे आणि उरलेले अंतर पायी मागे यायचे. पायांनी मला कधी दगा दिला नाही.

मात्र एका ठिकाणी माझी जीभ वाहत्या पाण्यासारखी चाले. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाठशाळेत शिकवत. त्यांनी तरुणपणी देवीचे एक स्तोत्र रचले होते. बारा श्लोक, भुजंगप्रयातात. ते त्यांनी मला सहाव्या वर्षी शिकवले आणि मी ते एका दमात म्हणून दाखवले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. वृत्ताच्या पाळण्यात बसले की 'क' येई आणि जाई, मला कळतही नसे. जे पाठ आहे, जे चालीत आहे, जे कुणाच्या तरी सुरात सूर मिळवून म्हणायचे आहे, ते अडत नाही. आमच्यासारख्या अनेकांचे असेच असते, हे मला फार पुढे कळले. तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हते आणि त्यामुळे जे सुख व्हायचे तेच माझ्याविरुद्धचा पुरावा झाले.

"श्लोक म्हणताना बरी गाडी चालते," काकू म्हणे. आप्पांच्या थोरल्या भावाची ही विधवा पत्नी आमच्याच घरी होती आणि घर तिच्याच शब्दावर चालत असे. "बारा श्लोक घडाघडा, आणि 'काकू, जेवायला चला' एवढं म्हणायला हिला अर्धा तास! नखरे आहेत सगळे. लाडावून ठेवलीय आप्पांनी."

आई हळूच म्हणे, "अहो, मुद्दाम कोण करील असं?"

"मग देवीला नवस बोला. नाहीतर वेखंड उगाळा आणखी."

वेखंड उगाळून झाले होते. शंखातले पाणी पिऊन झाले होते. संकठा देवीला ओटी भरून झाली होती. एका वैद्याने अक्कलकारा चघळायला दिला होता. त्याने दिवसभर जीभ बधिर राही आणि बधिर जिभेनेही मी अडखळत असे. मला या उपायांचा राग नाही. ते निदान जिभेवर होत होते. बाकीचे सारे माझ्यावर होत होते.

मराठीत खोटे पकडले गेलेल्या माणसाची त-त-प-प होते. परीक्षेत नक्कल करणाऱ्याची होते, चोराची होते. लहानपणी गोष्टी वाचताना मी त्या ठिकाणी पान उलटत असे. ज्या भाषेवर मी जीव लावला तिनेच मला आधी आरोपीच्या जागी उभे केले होते आणि मी बोलण्यासाठी तोंड उघडले की समोरच्याला जे ऐकू येई ते माझे वाक्य नव्हतेच. तो कबुलीजबाब असे.

त्या हिवाळ्यातली युक्ती काकूची होती. पाहुणे आले की मी खाली मान घालून चूडा-मटरच्या बशा न्यायच्या. काही विचारले तर उत्तर काकू देईल. दोन प्रश्न झाले की काकूच म्हणेल, "आमची कुमुद स्तोत्र फार छान म्हणते," आणि मी लगेच सुरू करायचे. बारा श्लोक म्हणजे जवळजवळ सहा मिनिटे. सहा मिनिटे अस्खलित संस्कृत ऐकल्यावर मुलगी बोलते कशी, ही शंका कुणाला येणार? "दहा मिनिटं निभवायची आहेत फक्त," काकू म्हणे. "पुढचं पुढे. संसारात पडल्यावर कोण कुणाचं ऐकतो!"

पहिल्या दोन स्थळांना माझी उंची कमी वाटली. तिसरे स्थळ ग्वाल्हेरचे होते. मुलगा रेल्वेत, नेमणूक मुगलसरायला. खरमास लागला की महिनाभर शुभकार्ये बंद, म्हणून सगळ्यांनाच घाई होती. ते लोक आले त्या सकाळी गंगेवर इतके धुके होते की आमच्या गच्चीवरून नदी दिसतच नव्हती, नुसता वल्ह्यांचा आवाज येत होता.

काकूने दोन प्रश्न परतवले. मग मुलाने स्वतःच विचारले, "तुम्हाला काय वाचायला आवडतं?"

"धार्मिक वाचन खूप आहे तिचं," काकू म्हणाली.

तो हसला. "त्यांना विचारतोय मी," असे अगदी मऊपणे म्हणाला आणि थांबला. हे मी विसरू शकत नाही. तो थांबला. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही की वडिलांकडे पाहिले नाही. माझे उत्तर तयार होते: प्रवासवर्णने. मी काशीच्या बाहेर फारशी गेले नव्हते आणि दुसऱ्यांचे प्रवास वाचत असे. 'प्र' ओठांवर येऊन बसला होता. तेवढा ढकलला असता, त्याला वेळ लागला असता, चेहरा वाकडा झाला असता आणि जे व्हायचे ते तिथे, त्या खोलीत, सगळ्यांसमोर झाले असते.

मी काकूकडे पाहिले.

"म्हण गं स्तोत्र," काकू म्हणाली आणि मी म्हटले. बाराच्या बारा श्लोक. मुलाच्या आईने माझ्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली. आठ दिवसांनी साखरपुडा झाला. तिथे बायकांनी आग्रह केला, "अजून लग्न नसलं झालं तरी उखाणा घे!" तोही मी घेतला. दोन ओळींचे यमक, काकूने पाठ करून घेतलेले. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या.

मग एका दुपारी दार वाजले. आप्पा पाठशाळेत, आई नदीवर, काकू देवळात, धाकटा भाऊ वसंत शाळेत. मी दार उघडले. तो एकटाच उभा होता, हातात कागदात गुंडाळलेले पुस्तक. "इकडे कामाला आलो होतो. ओळखलंत ना?" असे म्हणाला. मला एवढेच सांगायचे होते की काकू देवळात गेल्या आहेत, येतील इतक्यात, बसा. जिचे नाव 'क'ने सुरू होते अशा मुलीच्या आयुष्यावर देवाने काकूही 'क'चीच नेमावी, यात काही विनोद असेल तर तो मला तेव्हा समजला नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. मान एका बाजूला खेचली गेली, डोळे मिटले गेले आणि आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा तो माझ्या पायांकडे पाहत होता.

"बरं नाही का तुम्हाला?" त्याने विचारले.

मी मान हलवली. त्याने पुस्तक उंबऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवले आणि गेला. ते प्रवासवर्णन नव्हते, एक कादंबरी होती. पण त्याने माझ्यासाठी पुस्तक आणले होते.

खरमासात ग्वाल्हेरहून आप्पांना पत्र आले. आप्पांनी ते वाचून माझ्या हातात दिले, एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. मुलीच्या वाणीत दोष आहे म्हणून आम्ही हे मोडत आहोत असे समजू नये, असे मुलाच्या वडिलांनी लिहिले होते. आपण तो लपवलात, म्हणून मोडत आहोत.

काकूने सगळा दोष दोन वाक्यांत वाटून टाकला. "स्थळच खोटं होतं." आणि मग माझ्याकडे वळून, "हिला दार उघडायला सांगितलं होतं कुणी?"

चाळीस वर्षे मी त्या पत्रातल्या त्या ओळीपाशी बसून आहे. ते खरे होते की नुसते सभ्य होते? मी त्या सकाळी 'प्रवासवर्णने' म्हटले असते, हवा तेवढा वेळ घेऊन, तर काय झाले असते? कदाचित ते लोक बशा खाली ठेवून उठले असते. बहुधा तसेच झाले असते. पण मग मला ते कळले असते. नकार मिळाला असता तर तो माझा, मला मिळालेला नकार असता. घरच्यांनी मला नकारापासून वाचवले आणि त्यासोबत होकारापासूनही. त्यानंतर आणखी कुणी बघायला आले नाही. आप्पांनी मला पुन्हा कधी स्तोत्र म्हणायला सांगितले नाही. मला वाटते, त्यांना स्वतःच्या रचनेची लाज वाटू लागली होती. आणि मी चूडा-मटर खाणे सोडले. घरात होते, वास आला की मी गच्चीवर जाते.

यंदा मला गच्चीवर जाता आले नाही.

वसंतची मुलगी पल्लवी सत्तावीस वर्षांची आहे आणि विद्यापीठाजवळच्या लंका भागातल्या एका बँकेत काम करते. ती माझ्यासारखीच अडखळते. 'प' आणि 'म' परक्यांसमोर तिचे वैरी, घरात कोणतेही अक्षर अडते. स्वतःचे नाव सांगताना तिचीही तीच गत होते, फरक एवढाच की तिने दुसरे नाव घेतलेले नाही. बँकेत तिच्या टेबलावर तिने एक छोटे कार्ड उभे केले आहे: मैं अटककर बोलती हूँ, कृपया समय दें. रविवारी सकाळी ती संकठा घाटाच्या पायऱ्यांवर जाते. तिथे सात-आठ जण जमतात. एक वकील आहे, एक साडी विणणारा आहे, दोन कॉलेजच्या मुली आहेत. सगळे अडखळणारे. ते एकमेकांशी बोलतात, नावाड्यांशी बोलतात, यात्रेकरूंना मुद्दाम पत्ता विचारतात. परीक्षेच्या आधी शाळांमधून जाऊन शिक्षकांना सांगतात की तोंडी परीक्षेत गप्प राहिलेल्या मुलाला उत्तर येत असू शकते. त्यांचा एक पुठ्ठ्याचा फलक आमच्या जिन्याखाली असतो. त्यावर पल्लवीच्या अक्षरात लिहिले आहे: हम अटकते हैं। आप रुकिए। शब्द हमारे हैं।

"जगाला ओरडून सांगायला हे काय बक्षीस मिळालंय?" वसंत वैतागतो.

"ओ...ओरडून नाही, बाबा. अ...अटकून."

मीही तिच्या बाजूची नव्हते, हे कबूल केले पाहिजे. जे झाकण्यात माझे आयुष्य गेले ते ही मुलगी पुठ्ठ्यावर रंगवून घाटावर नेते, याने मला आनंद होण्याऐवजी एक प्रकारचा मत्सर वाटे. तिने अनेकदा बोलावले. मी गुडघ्याचे कारण दिले. तिने मला त्यांचा एकमेव नियम सांगितला होता: कुणी अडकले तर बाकीच्यांनी शब्द सुचवायचा नाही. वाट पाहायची. मला वाटले, यात काय अवघड आहे? उलट, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मागच्या महिन्यात पुण्याचे एक स्थळ आले. मुलगा लखनऊला नोकरीला. तो आणि पल्लवी तीन आठवडे फोनवर एकमेकांना लिहीत होते आणि लिहिताना कोण अडखळते? भेटीचा रविवार ठरला. आदल्या संध्याकाळी वसंत माझ्या खोलीत आला. पन्नाशी उलटलेला माणूस दारातच उभा राहिला.

"ताई, आप्पांचं ते स्तोत्र हिला शिकवलं होतंस ना लहानपणी?"

मी मान हलवली.

"उद्या तू सुरू कर. ती तुझ्या मागोमाग म्हणेल. सोबत म्हणताना तिचं अडत नाही, मी बघितलंय. दहा मिनिटं निभली की बास."

दहा मिनिटे. शब्दही तेच. त्याला आठवत नसावे की तो शाळेतून घरी आला तेव्हा कोनाड्यात एक पुस्तक होते. मी काहीच बोलले नाही आणि माझ्या न बोलण्याचा अर्थ आमच्या घरात नेहमी होकार असाच धरला गेला आहे.

तो गेल्यावर पल्लवी आली. तिने जिन्यावरून सगळे ऐकले होते.

"आत्या, मला त्याला स...सांगायचंय."

"लिहून टाक की," मी म्हटले. "तीन आठवडे लिहितेच आहेस."

"लिहून सगळेच सांगतात. मला तों...तोंडाने सांगायचंय. तो माझ्याकडे बघत असताना. त्याचा चेहरा कसा होतो ते मला ब...बघायचंय." मग माझा हात धरून म्हणाली, "तू फक्त सुरू करू नकोस. बाकीचं माझं मी बघते. प...प्रॉमिस?"

मी वचन दिले. माझी गोष्ट तिला ठाऊक होती. मीच तिला सांगितली होती, तुकड्यातुकड्यांनी, हिवाळ्यांमागून हिवाळे.

धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा आली. घरभर तुपातल्या जिऱ्याचा वास भरला होता. वहिनीने, म्हणजे वसंतच्या बायकोने, मटार निवडताना तीनदा विचारले, "ताई, तब्येत ठीक आहे ना? चेहरा असा काय?" पाहुणे आले: मुलगा, त्याची आई, एक मामा. चांगली माणसे दिसत होती. मामाने पहिल्याच घासाला मान डोलावली. "वा! हे तुमचं पोह्यांचं बनारसी भावंड झकास आहे हो." सगळे हसले. वसंतही हसला, पण डोळे माझ्याकडे होते.

मुलाच्या आईने पल्लवीला विचारले, "बँकेत कोणत्या विभागात असतेस गं?"

"कर्ज विभागात," वहिनी म्हणाली.

"आमच्या घरात देवीचं एक स्तोत्र आहे," वसंत घाईने म्हणाला. "माझ्या वडिलांनी रचलेलं. पल्लवी आणि आमची ताई, दोघी मिळून फार छान म्हणतात. ताई, कर ना सुरू."

मी तोंड मिटून बसले. पहिला श्लोक माझ्या घशात होता, चालीसकट, एखाद्या पाळलेल्या जनावरासारखा हाक मिळाल्यावर उठून उभा राहिलेला. मी तो सोडला नाही. "ताई," वसंत पुन्हा म्हणाला. मी जमिनीकडे पाहिले. एवढे मला आयुष्यात एकदा जमले, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढचे मला शोभणारे नाही.

पल्लवीने बशी खाली ठेवली, मुलाकडे सरळ पाहिले आणि ती म्हणाली, "म..."

'मी' म्हणायचे होते तिला. ओठ मिटले ते उघडेनात. हनुवटी थरथरू लागली. मुलगा पाहत होता. तो चकित होता, पण पाहत होता, नजर काढली नव्हती त्याने. त्याच्या आईचा चमचा हवेत होता. बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. पल्लवी घाबरलेली नव्हती, हे मला आता समजते. ती तिच्या शब्दाच्या कामात होती, जशी रविवारी घाटावर असते. घाबरले होते ती मी. साठीपर्यंत मी हे स्वतःच्या आतून भोगले होते, बाहेरून कधी पाहिलेच नव्हते. ते किती वेळ चालते, चेहरा कसा होतो, खोलीतली हवा कशी घट्ट होते. पाच क्षण झाले असतील. सहा. मला ते सोसवले नाही.

"तिला बोलताना अडखळायला होतं," मी म्हणाले. "लहानपणापासून. माझ्यासारखंच."

एकही अक्षर अडले नाही. ते वाक्य पाठ नव्हते, चालीत नव्हते, समोर परकी माणसे होती आणि ते माझ्या तोंडातून आप्पांच्या श्लोकासारखे घरंगळत गेले. दुसऱ्याचे वाक्य होते ना.

"अगंबाई, त्यात काय एवढं," मुलाची आई म्हणाली. मामा म्हणाले, त्यांच्या ऑफिसात एक जण होता, पुढे बराच सुधारला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आले, वसंतने कपाळाला हात लावला. मुलगा काहीतरी विचारायला पुढे झुकला होता, तो मागे टेकला. त्याला कळायचे ते कळले होते. पल्लवीचे ओठ अजून मिटलेले होते. मग तिने ते हळूच सैल सोडले आणि बशा गोळा करू लागली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी तिला जिन्यात गाठले. "अगं, मला वाटलं..."

"माझं होतं ते, आत्या." एवढेच तिने म्हटले. 'म' पुष्कळ वेळ अडला, मी भिंतीला धरून उभी राहिले आणि या वेळी वाट पाहिली. "तीन आठवडे मी ते एक व...वाक्य घाटावर म्हणत होते. त्याचा चेहरा मला ब...बघायचा होता. तू बोललीस, आणि तो तुझ्याकडे बघायला लागला." ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. "तुझी काकू निदान ख...खोटं बोलायची."

काकूला जाऊन पंचवीस वर्षे झाली. तिच्याविषयी एवढ्या वर्षांत माझ्या मनात दया कधी आली नव्हती. त्या जिन्यात प्रथम वाटले की त्या सकाळी, मुलगा थांबला होता तेव्हा, तिलाही कदाचित माझा चेहराच सोसवला नसेल. दया वाटली म्हणून राग कमी झाला असे नाही. तो फक्त वाटला गेला, निम्मा माझ्याकडे आला.

पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले आहेत. त्या मुलाचे निरोप येतात म्हणे. काय येतात ते पल्लवी सांगत नाही आणि विचारण्याचा अधिकार मी घालवून बसले आहे. घरात सगळे नीट बोलतात. तीसुद्धा माझ्याशी बोलते: दूध आलं का, गॅसवाला येऊन गेला का.

काल रविवार होता. गुडघ्याचे कारण मी घरीच ठेवले आणि संकठा घाटाच्या पायऱ्या उतरले. धुके होते, पण पातळ. सात-आठ जण कोंडाळे करून बसले होते, मध्ये तो पुठ्ठ्याचा फलक. पल्लवीने मला पाहिले, सरकून जागा करून दिली नाही आणि उठूनही गेली नाही. मी तिच्या समोरच्या पायरीवर बसले.

विणकर वयाने माझ्याएवढाच असावा. त्याने अटकत अटकत, अगदी आदराने विचारले, "आ...आपका शुभ नाम, बहनजी?"

'उषा' जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. चाळीस वर्षांची विश्वासू बाई ती. मी तिला मागे सारले.

"मेरा नाम क..." आणि तिथेच अडले. मान खेचली गेली. डोळे मिटू लागले, ते मी मोठ्या कष्टाने उघडे ठेवले. वकील वाट पाहत होता, मुली वाट पाहत होत्या. कुणी घसा खाकरला नाही. खाली एक नाव पायरीला टेकली, दोरी बांधून झाली, त्यातली माणसे उतरून वर चढून गेली, तरी माझा 'क' बाहेर आलेला नव्हता.

त्या सगळ्यांमध्ये माझे नाव फक्त पल्लवीला ठाऊक होते. तिने माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही आणि ती बोलली नाही. तो नियम होता की शिक्षा, ते मला ठरवता आलेले नाही. ती पाहत राहिली आणि मी माझ्या नावाशी झटत राहिले.